सव्वाचार इंचांचं बटण

एकनाथ तामोरे आठ वर्षं तात्पुरता होता.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगद्रव्यं बनवणारी एक कंपनी होती. तिथे तो डिस्पॅच क्लार्क होता. दर सात महिन्यांनी कंपनी त्याला दोन दिवस कामावरून काढी आणि तिसऱ्या दिवशी नव्याने नेमी, म्हणजे सलग नोकरीचा पुरावा कागदावर राहू नये. त्या दोन दिवसांत एकनाथ कंपनीचा कोणीही नसे. टँकर मात्र यायचे थांबत नसत, म्हणून कोणी नसतानाही तो येऊन बसे. एकदा अशाच दिवशी गेटवरच्या भिका वॉचमनने त्याला अडवलं.

"आज तुमी कामावर नाय. पर्सोनेलनं लिस्ट दिली हाय."

"अरे, मग टँकर कोण सोडील?"

भिकाने बराच विचार केला. मग त्याने पाहुण्यांचं रजिस्टर पुढे सरकवलं. "यात सही करा. पाव्हणे म्हणून जावा आत."

'कोणास भेटावयाचे' या रकान्यात एकनाथने स्वतःचंच नाव लिहिलं आणि आत गेला.

घर चिंचणीला, समुद्राच्या अंगाला. बाप जानू अजून होडी घेऊन जायचा. बायको हंसा सकाळच्या एसटीने पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची. सेवाखंडाचे दोन दिवस आले की तिच्या जिभेला धार चढे. "आमची मासली दोन दिसांत शिळी होते. तुमी आठ वर्सं ताजेच!"

एकनाथ हसून घालवी, पण हसण्याचे दिवस संपत आले होते. पस्तिशी उलटलेल्या माणसाला कायम करायचं नाही असा कंपनीचा नियम होता, आणि एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या जूनच्या अकरा तारखेला एकनाथला पस्तीस पुरी होत होती. त्याआधी हातात ऑर्डर पडली तर पडली. नाही तर उरलेला जन्म पाहुण्यांच्या रजिस्टरात.

या आठ वर्षांत त्याने एकच गोष्ट आपणहून केली, आणि सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

जनरल मॅनेजरांच्या केबिनमधला धरून ऑफिसात सहा कॉम्प्युटर होते. एकनाथ पत्र टाइप करत असताना गेटवर टँकर आला की हातातलं पत्र बंद करा, गेटपासचा प्रोग्रॅम शोधा, उघडा, भरा, छापा, पुन्हा पत्र उघडा, असा पंधरा मिनिटांचा व्याप होई. ड्रायव्हर खिडकीतून आत डोकं घालून बसे. एकनाथ बोईसरच्या एका क्लासला सुट्टीच्या दिवशी जाऊन प्रोग्रॅमिंग शिकला होता. तिथल्या जाड पुस्तकात त्याला एक सोय सापडली. विंडोजकडे अर्ज करायचा की अमुक बटणं माझ्या नावावर नोंदवून घ्या. विंडोजने ती नोंदवली की मग समोर पत्र असो, हिशेब असो, कोणाचाही कसलाही प्रोग्रॅम उघडा असो. ती बटणं दाबली की विंडोज ती त्या प्रोग्रॅमला मिळूच देत नाही. मधल्या मध्ये उचलून थेट तुमच्या हातात देते. पहिला येईल त्याच्या नावावर नोंद. दुसऱ्याने तेच बटण मागितलं तर उत्तर शून्य. एकनाथला या कारभाराचं फार कौतुक वाटलं. अर्ज केल्याबरोबर हो किंवा नाही सांगणारं हे त्याने पाहिलेलं पहिलंच कार्यालय होतं.

त्याने कंट्रोल, ऑल्ट आणि जी ही तीन बटणं एकत्र मिळून गेटपाससाठी नोंदवली. दुसऱ्या दिवशी टँकर आला, एकनाथने तीन बोटं टेकवली, पत्रावर गेटपासचा फॉर्म टुणकन उभा राहिला आणि मिनिटभरात पास ड्रायव्हरच्या हातात पडला.

"अरे बाबूजी," ड्रायव्हर पास उलटासुलटा करत म्हणाला, "अभी तो चाय भी नहीं मंगाई थी!"

शेजारच्या टेबलावर प्रेमलाताई राऊत होत्या. बावीस वर्षं स्टेनो, त्यातली वीस टाइपरायटरवर. त्या मान न वळवता म्हणाल्या, "एकनाथ, हे कोणाला दाखवू नकोस. चांगली गोष्ट वर गेली की परत खाली येते तेव्हा ओळखू येत नाही."

पण ती वर गेलीच. कारखान्याचे जनरल मॅनेजर रामनाथ सबनीस एके दिवशी पासची घाई घेऊन स्वतः आले आणि त्यांनी फॉर्म उभा राहताना पाहिला.

"हे कुठूनही येतं?"

"हो साहेब. कोणताही प्रोग्रॅम चालू असू दे."

"म्हणजे कोणी काहीही करत असलं तरी?"

"हो."

साहेबांनी डोळे मिटले. माणूस काहीही करत असो, त्याच्यापुढे आपण उभं राहायचं, हे त्यांचं वीस वर्षांचं ध्येय होतं. आजवर त्यासाठी जिने चढावे लागत होते.

आठवड्याच्या आत परिपत्रक निघालं. प्रत्येक खात्याला आपापला तक्ता सगळीकडून उघडता येईल असं बटण देण्यात येईल. अर्ज तीन प्रतींत. बटणवाटप समितीचे अध्यक्ष साहेब, सचिव पर्सोनेल ऑफिसर प्रताप देसाई. एकनाथ तात्पुरता असल्यामुळे समितीत नव्हता. त्याला 'निमंत्रित' म्हणून उभं राहायची परवानगी होती.

पहिल्याच बैठकीत स्टोअर्स आणि सेल्स या दोघांनीही 'एस' मागितला. स्टोअर्सचा कारकून आनंदा, त्याने आदल्या दिवशीच एकनाथकडून नोंद करून घेतली होती. सेल्सवाल्यांच्या अर्जाला विंडोजने शून्य दिलं. सेल्स मॅनेजर भडकले. "याच्यावर अपील कोणाकडे?"

"अपील नाही साहेब," एकनाथ म्हणाला.

"अपील नाही असं कसं? प्रत्येक गोष्टीवर अपील असतं!"

त्याहून मोठा पेच पुढे होता. अधिकाऱ्यांना तीन बटणं एकत्र दाबण्याची योजना अपमानाची वाटली. सबनीस साहेबांनी ते बोलून दाखवलं. "शिपायाला बोलवायला मी एक बेल दाबतो. माझंच उत्पादनाचं स्टेटमेंट बोलवायला तीन बोटं? मला एकच बटण पाहिजे. आणि ज्येष्ठतेप्रमाणे पाहिजे."

"ज्येष्ठतेप्रमाणे म्हणजे?" देसायांनी पेन उघडलं.

"सगळ्यांत मोठं बटण कोणतं आहे?"

आनंदाला फूटपट्टी घेऊन धाडण्यात आलं. त्याने सहाही कीबोर्ड मोजले आणि आकडे वाचून दाखवले. एंटर दीड इंच रुंद, शिफ्ट पावणेदोन. खालची लांब पट्टी, स्पेस बार, सव्वाचार इंच.

"स्पेस बार," साहेब म्हणाले, "जनरल मॅनेजर."

एकनाथ एक पाऊल पुढे झाला. "साहेब, स्पेस बार एकटा नोंदवला तर पत्रात दोन शब्दांच्या मध्ये अंतर पडणार नाही. दर वेळी तुमचं स्टेटमेंट उघडेल."

"पडणार नाही म्हणजे? आत्तापर्यंत पडतच होतं ना?"

"आत्तापर्यंत ते बटण कोणाचं नव्हतं साहेब."

"कोणाचं नव्हतं, हाच तर गैरकारभार!"

देसायांनी नोंद लिहिली: 'निमंत्रितांनी शंका व्यक्त केली. समितीने ती ऐकली.' बैठकीनंतर त्यांनी एकनाथला खिडकीपाशी गाठलं. देसाई मनाने वाईट नव्हते. फक्त ज्या बाजूला खुर्ची उंच असेल त्या बाजूला त्यांची मान आपोआप वळे.

"तुझा कन्फर्मेशनचा कागद साहेबांच्या टेबलावर आहे. सोमवारी मुंबईहून डायरेक्टर येताहेत. साहेबांना त्यांना हे दाखवायचंय. शंका जूननंतर काढ. बारा तारखेनंतर रोज एक काढ."

एकनाथने स्पेस बार साहेबांच्या नावावर नोंदवला. विंडोजनेही हो म्हटलं. त्यालाही ज्येष्ठता कळत असावी.

सोमवारी डायरेक्टर आले. साहेबांनी त्यांना एकेका टेबलापाशी नेलं. जिथे जात तिथे अंगठ्याने ती लांब पट्टी दाबत, आणि पडद्यावर उत्पादनाचा दैनिक तक्ता उभा राही. डायरेक्टर 'वा' म्हणाले. काही टाइप करून पाहावं असं कोणाच्या मनात आलं नाही. डायरेक्टर टाइप करत नसत.

टाइप करणारे मंगळवारी टाइप करू लागले. प्रेमलाताईंच्या अंगठ्याला बावीस वर्षांची सवय. 'डिअर' झालं की अंगठा पडे आणि तक्ता उभा राही. तो बंद करून 'सर' लिहावं, की अंगठा पुन्हा पडे. दुपारपर्यंत त्यांनी एक पत्र केलं, आणि ते सबंध पत्र एकच शब्द होतं.

"हे वाचणारा श्वास कुठे घेणार?" त्यांनी विचारलं.

यावर देसायांनी परिपत्रक काढलं. दोन शब्दांमध्ये एक टिंब, वाक्याच्या शेवटी दोन, परिच्छेद संपल्यावर तीन. तशी पत्रं बाहेर जाऊ लागली, तरी सवयीचा अंगठा मध्येमध्ये पडायचा तो पडेच. एका सरकारी खात्याने इंग्रजीतलं पत्र परत पाठवून सोबत इंग्रजी भाषांतर जोडायला सांगितलं. अहमदाबादच्या एका गिऱ्हाइकाने मात्र उलट टपाली टिंबांतच उत्तर दिलं आणि नवी पद्धत कधीपासून लागू झाली, अशी नम्र विचारणा केली. प्रेमलाताईंनी जुना टाइपरायटर स्टोअरमधून परत मागवायचा अर्ज केला. तो कॉम्प्युटरवरच करावा लागला. स्टोअर्समधल्या आनंदाने त्यावर शेरा मारला, 'वाचता येत नाही', आणि परत केला.

गंमत म्हणजे सबनीस साहेब याच दिवसांत कधी नव्हे इतके आनंदात होते. तक्ता किती वेळा उघडला याची मोजदाद प्रोग्रॅम ठेवत होता, आणि तो आकडा रोज सकाळी साहेबांच्या पडद्यावर येई. मंगळवारी चारशे बारा. बुधवारी साडेपाचशे. साहेबांनी तो आकडा मीटिंगमध्ये वाचून दाखवला. "पूर्वी उत्पादनाची कोणाला फिकीर नव्हती. आज एकट्या मिसेस राऊत दिवसाला दोनशे वेळा स्टेटमेंट पाहतात!"

प्रेमलाताईंनी मान खाली घातली. ती विनयाने घातली असं साहेबांनी धरलं.

एकनाथ एप्रिलभर गप्प होता. ऑर्डर साहेबांच्या टेबलावरून सुटत नव्हती आणि जून जवळ येत होता. पण रोज शेजारच्या टेबलावरून तक्ता बंद केल्याचा टिकटिक आवाज ऐकताना त्याला जेवण गोड लागेना. एका दुपारी पुस्तक चाळताना त्याच्या लक्षात आलं की नोंद एकट्या स्पेस बारची आहे. शिफ्ट धरून स्पेस बार दाबला तर विंडोजच्या लेखी ती वेगळी जोडी. ती कोणी मागितलेली नाही. त्याने करून पाहिलं. शब्दांमध्ये मोकळं, पांढरं अंतर पडलं.

"ताई, डाव्या करंगळीने शिफ्ट धरा. मग अंगठा टाका."

प्रेमलाताईंनी एक वाक्य टाइप केलं, मग दुसरं. तिसऱ्या वाक्याला त्या म्हणाल्या, "एकनाथ, तू मनावर घेतलंस तर कामाचा आहेस."

संध्याकाळपर्यंत ती युक्ती बाहेरच्या पाचही टेबलांवर पोचली. टिंबं संपली. आठवडाभरात प्रेमलाताईंची करंगळी मात्र सुजली. त्यांनी तिला हळद लावून चिंधी बांधली आणि काम चालू ठेवलं. सगळं कसं सुरळीत झालं. फक्त साहेबांच्या पडद्यावरचा आकडा पाचशेवरून तीनवर आला.

साहेबांनी देसायांना बोलावलं. देसायांनी चौकशी केली, प्रत्येक टेबलामागे दहा दहा मिनिटं उभे राहिले आणि अहवाल दिला की कर्मचारी शिफ्टचा आडोसा घेऊन साहेबांचं स्टेटमेंट चुकवत आहेत.

"माझं बटण दाबतात आणि मी येत नाही?" साहेब खुर्चीतून उठले. "शिफ्ट माझ्या नावावर करा. कंट्रोल, ऑल्ट, काय काय लावता येतं ते सगळं लावून माझ्या नावावर करा."

शुक्रवारी देसाई एकनाथच्या टेबलाशी आले. त्यांच्या हातात एक फाइल होती आणि फाइलमध्ये त्याच्या ऑर्डरचा कच्चा मसुदा. त्यांनी तो दाखवला, हातात दिला नाही.

"साहेबांची सही बुधवारी. त्याआधी हे शिफ्टचं करून टाक."

"देसाईसाहेब, मग टाइप कसं करायचं?"

"टिंबं आहेतच की."

"ही ऑर्डर टाइप कोण करणार? प्रेमलाताईच ना? टिंबांत टाइप केलेली ऑर्डर मुंबईचं ऑफिस मानेल का?"

देसायांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "आधी बटण, मग ऑर्डर. ऑर्डर कशी टाइप करायची ते ऑर्डर निघाल्यावर पाहू."

रविवारी भरतीच्या आधी एकनाथ बापाला जाळं काढायला मदत करायला किनाऱ्यावर गेला. चिखलात उभ्या उभ्या त्याने सगळी हकिगत सांगितली. जानूला कॉम्प्युटर कळत नव्हता. त्याने मध्येच थांबवून विचारलं, "त्या बटनावर बाकीचे लोक काय करायचे?"

"सगळेच दाबायचे. त्याच्याबिगर एक ओळ पुढं जात नाय."

जानू खाडीच्या तोंडाकडे पाहत राहिला. डोलजाळी बांधायला चिखलात रोवलेले खुंट पाण्याबाहेर डोकावत होते. कोणाचा खुंट कुठे हे आजा-पणजापासून ठरलेलं होतं, आणि त्या जागेवरून भांडणं होऊन डोकी फुटलेली होती. पण दोन रांगांमध्ये होड्यांची ये-जा चाले तो पट्टा मोकळा होता.

"माझा खुंट माझ्या जागी. त्याला कोनी हात लावला तर मी मारीन," जानू म्हणाला. "पन होड्यांच्या वाटंत खुंट कोन मारतो रं? पाटलानं सांगितला तरी मारत नाय. आनि चुकून मारलाच, तर ज्यानं मारला त्यानंच जाऊन काढायचा."

"काढला तर ऑर्डर जाईल, बाबा."

"जाईल," जानू म्हणाला आणि जाळं झटकायला लागला.

सोमवारी एकनाथ तासभर आधी आला. त्याने एकेका मशीनवर बसून स्पेस बारची नोंद मोकळी केली. विंडोजने ती मोकळी केली. कारण विचारलं नाही. साहेबांच्या केबिनमधल्या मशीनवरची नोंद त्याने तशीच ठेवली, कारण तिथे दुसरं कोणी टाइप करत नव्हतं आणि साहेबही करत नव्हते. मग बटणवाटपाच्या रजिस्टरमध्ये साहेबांच्या नोंदीपुढे तारीख घालून लिहिलं, 'पाच मशीनवर मोकळे केले', आणि खाली सही केली. प्रेमलाताई आल्या, टाइप करू लागल्या, दहा ओळींनंतर त्यांचा डावा हात शिफ्टवरून हळूच बाजूला झाला. त्यांनी एकनाथकडे पाहिलं.

"बुधवारी सही होती ना तुझी?"

"होती."

दुपारी त्यांनी आपल्या डब्यातली सुकटीची चटणी सबंध त्याच्या डब्यात ओतली.

बुधवारी सकाळी साहेब कारखानदारांच्या संघटनेचे पाच पाहुणे घेऊन ऑफिसात शिरले. "कोणी काहीही करत असो," साहेब सांगत होते, "उत्पादन त्याच्या डोळ्यांपुढे!" आणि त्यांनी प्रेमलाताईंच्या टेबलावर वाकून अंगठा दाबला.

पडद्यावर पत्र होतं, ते तसंच राहिलं. साहेबांनी पुन्हा दाबलं. मग अंगठ्याचा जोर वाढवून चारदा.

"साहेब," प्रेमलाताई म्हणाल्या, "माझ्या 'युअर्स' आणि 'फेथफुली'च्या मध्ये सहा जण बसतील एवढी जागा झाली."

एकनाथ उठून उभा राहिला. "साहेब, ते मी मोकळं केलं. तुमच्या केबिनमध्ये आहे. इथे लोकांना शब्द वेगळे करायला लागतं."

साहेबांचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. "कोणाच्या परवानगीनं?"

उत्तर द्यायला एकनाथने तोंड उघडलं, तेवढ्यात पाहुण्यांतला एक जण, पालघरचा पत्र्याच्या डब्यांचा कारखानदार, सहज म्हणाला, "पण सबनीससाहेब, स्पेस बार असा अडकला तर मग तुमची माणसं टाइप कशी करत होती?"

पाचही पाहुणे उत्तराची वाट पाहत होते. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, एकनाथकडे पाहिलं, आणि वीस वर्षांच्या अधिकारपदाने माणसाला जे शिकवलेलं असतं ते एका क्षणात कामी आलं.

"तेच तर!" ते म्हणाले. "म्हणून तर मी ह्यांना मोकळं करायला सांगितलं. काय तामोरे?"

देसायांची मान वळली आणि पेन उघडलं. 'जनरल मॅनेजर यांनी आपले बटण कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी उदार मनाने मोकळे केले,' त्यांनी लिहिलं. 'श्री. तामोरे यांनी आदेशाची तत्काळ अंमलबजावणी केली.'

एकदा असं कागदावर आल्यावर पुढचं सगळं त्याच कागदाच्या मागे चालत गेलं. शनिवारी बाहेरच्या पाच कीबोर्डांना हार घातले, नारळ फुटला, आणि साहेबांनी प्रत्येक टेबलापाशी जाऊन स्पेस बारचं लोकार्पण केलं. त्यांनी पट्टी दाबली की पडद्यावर काहीच होत नसे, आणि टाळ्या पडत. एकनाथवर शिस्तभंगाचा कागद काढायचा देसायांचा विचार होता, पण आदेश पाळल्याबद्दल शिक्षा करायची तर आदेश कोणी दिला ते लिहावं लागलं असतं. आज्ञाधारक म्हणून नोंद झालेल्या माणसाची ऑर्डर अडवायलाही कारण उरलं नाही. नऊ जूनला प्रेमलाताईंनी ती टाइप केली. घाई असूनही दोनदा केली, कारण पहिल्या प्रतीत समास त्यांच्या मनासारखा पडला नव्हता.

संध्याकाळी हंसा रिकामी पाटी धुवत होती. एकनाथने तिला कागद दाखवला. इंग्रजीत होता, म्हणून तिने हात पुसून तो त्याच्याकडून वाचून घेतला, एकेक ओळ अर्थासकट. मागची आठ वर्षं धरलेली नव्हती. पगार होता तोच होता. पद 'कनिष्ठ लिपिक', ज्येष्ठता यादीत शेवटचा.

"म्हंजे आता तुमाला काढणार नाय?" तिने विचारलं.

एकनाथने शेवटची ओळ पुन्हा वाचली. "काढतील. पन आता म्हयनाभर आधी सांगून काढतील."

हंसाने कागद घेतला, ओला होऊ नये म्हणून पदराखाली धरला आणि सासऱ्याला दाखवायला पडवीत गेली.